जोशीमठचे अहवाल आणि बातमीची भीती

मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

१३ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने वैज्ञानिक संस्थांना पत्र धाडले. जमीन खचत चाललेल्या उत्तराखंडातल्या जोशीमठबद्दल माध्यमांशी बोलू नका, समाजमाध्यमांवर माहिती टाकू नका, तज्ज्ञगटाचा अंतिम अहवाल येईपर्यंत थांबा, असा त्याचा मजकूर. संस्था आपापले अर्थ लावतात आणि त्यातून लोकांत गोंधळ उडतो, हे कारण. आदल्या दिवशीच्या आपल्या अध्यक्षतेखालच्या बैठकीत हा मुद्दा निघाला होता, असेही त्यात नमूद होते.

निमित्त होते इस्रोच्या हैदराबाद केंद्राने उपग्रहचित्रांवरून केलेल्या मोजणीचे. २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत ५.४ सेंटीमीटर खचण, त्याआधीच्या सात महिन्यांत सुमारे ९. खचणारा पट्टा गावाच्या मध्यभागाचा होता आणि त्याचा माथा औली रस्त्याजवळ, २,१८० मीटर उंचीवर. वाहिन्यांवर मात्र अख्खे जोशीमठच दरीत चालल्यासारखे वाजले. इथे माध्यमे चुकली, हे मान्यच. पण म्हणून त्या केंद्राच्या शास्त्रज्ञाला नकाशा घेऊन लोकांसमोर बसवायचे, की तोंड बंद करायला सांगायचे? तो अहवालच संकेतस्थळावरून नाहीसा झाला. अफवा थोड्याच नाहीशा होतात!

खरा प्रश्न पुढचा आहे. कॅमेरे गेले, बातमी आतल्या पानावर सरकली आणि आठ संस्थांचे अहवाल सरकारदरबारी महिनोन्‌महिने पडून राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने विचारले, की तज्ज्ञांचे अहवाल गुप्त ठेवण्याचे कारण काय? त्यानंतर ते बाहेर आले. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने २,३६४ इमारती तपासल्या होत्या, त्यांतल्या साधारण पाचातली एक राहण्याजोगी नव्हती. घर डागडुजी करून राखावे की सोडावे, या पेचात लोक सापडले असताना ही माहिती कुणाच्या कपाटात होती? आणि जोशीमठ जुन्या दरडीच्या भुसभुशीत मलब्यावर उभे आहे, तिथे जड बांधकाम नको, हे तर सरकारनेच नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगून ठेवले होते.

म्हणजे बातमी मोठी झाली की माहिती झाकायची, आणि बातमी थंडावली की उघड करण्याची निकड उरत नाही. दोन्ही वेळा निर्णय बातमीकडे पाहूनच.

आम्हा मराठी वाचकांना हे नवे नाही. पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. पर्यावरण मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती आयोग आणि मग दिल्ली उच्च न्यायालय, एवढे सोपस्कार झाल्यावर मे २०१२ मध्ये तो लोकांना दिसला. त्यानंतरच्या वर्षांत माळीण, तळिये, इर्शाळवाडी. अहवाल लवकर खुला झाला असता तर ही माणसे वाचली असती, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण डोंगराच्या कुशीतल्या माणसाला त्या डोंगराबद्दल सरकारला काय ठाऊक आहे, ते कळायलाच हवे.

आपल्याच सरकारचे हवामान खाते बघा. चक्रीवादळाचा मार्ग बदलू शकतो हे माहीत असूनही ते रोज संभाव्य पट्ट्यासकट नकाशा देते, अंदाज बदलला की नवा देते. टीव्हीवाले कधी अतिरंजित करतात. तरी कोकणातल्या कोळ्याला ऑरेंज आणि रेड अलर्टमधला फरक समजतो. तो समजतो तो पुन्हा पुन्हा उघडपणे सांगितल्यामुळे. जमिनीच्या बाबतीतच लोक बावचळतील, हे कशावरून?

माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सरकारने अशी माहिती मागण्याआधीच द्यावी असे सांगते. तेव्हा मागणी एवढीच: १३ जानेवारीच्या पत्रासारखे आदेश पुन्हा निघणार नाहीत असे जाहीर करा, आणि आपत्तीविषयक प्रत्येक वैज्ञानिक अहवाल सादर झाल्यापासून तीस दिवसांत, स्थानिक भाषेतल्या सारांशासह, संकेतस्थळावर टाकण्याचा नियम करा. एखादा भाग राखून ठेवायचा असेल तर त्याचे कारण लेखी द्या. मग पहिल्या पानावर बातमी असो वा नसो.

आपला,
सह्याद्रीच्या पायथ्याचा एक नागरिक