ओठ हलवणाऱ्यांच्या वतीने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या गायनवर्गांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. चित्रं छान होती. फक्त जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं, ती बाई लेखात कुठेच नाही. जॉन करवेन या तरुण पाद्र्याला १८४१ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहरातल्या परिषदेत गाणं शिकवायची सोपी पद्धत शोधायला सांगितलं, हे आहे. ती त्याला सापडली कुठे? नॉरिचच्या सारा ग्लोव्हर यांच्याकडे! भिंतीवर स्वरांची शिडी टांगून, काठी फिरवत ही बाई शाळेतल्या पोरींना गायला शिकवत होती. १८३५ मध्ये तिचं पुस्तकही आलं होतं. करवेनने तिची पद्धत उचलली, हवी तशी बदलली, आधी तिला विचारलंही नाही. पण निदान पुढे तिचं ऋण जाहीरपणे मानलं. आपल्या लेखकमहाशयांना तेवढंही जमलं नाही.

मजुरांनी दारूचा गुत्ता सोडून गाण्याला यावं म्हणून वरच्या लोकांनी केलेला हा उद्योग, असं ते म्हणतात. होताच तसा, नाही कोण म्हणतं? पण शेवटी गळा हा जन्मजातच असावा लागतो, असं लिहून त्यांनी सगळ्यांना एका वाक्यात निकालात काढलं आणि माझा चहा गार झाला.

पाचवीत १५ ऑगस्टच्या समूहगीतासाठी बाईंनी आम्हाला ओळीने उभं केलं. पेटीवर काळी चार ही उंच पट्टी धरली आणि एकेकीला 'सा' लावायला सांगितला. माझ्यापाशी थांबल्या, पुढे गेल्या, परत मागे आल्या. "तू उंच आहेस, मागे उभी राहा. आणि नुसते ओठ हलव." मी हलवले. दहावीपर्यंत प्रत्येक १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला हलवले. पहिल्या वर्षी आई पुढच्याच रांगेत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "तुझा आवाज वेगळा ऐकू येत होता हो." हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, संपादक महाशय.

आता गंमत बघा. करवेनचा 'डो' म्हणजे आपला सा, ज्याच्या त्याच्या गळ्याला सोसेल तिथे धरायचा. त्याच काळात जॉन हल्ला यांनी फ्रान्सहून दुसरी पद्धत आणली (नावावर कोटी करायचा मोह आवरते). सरकारी पाठबळ होतं, वर्गांना गर्दी होती, तरी ती मागे पडली. कारण त्यांचा 'डो' एकाच पट्टीला खिळलेला. सोपी पट्टी संपली की शिकणाऱ्यांची गाळण उडायची. आमच्या बाई हल्लांच्या पंथातल्या! माझ्यासाठी काळी चार सोडून खालची काळी एक धरली असती, तर काय पेटी झिजली असती?

१८५७ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या भव्य काचेच्या वास्तूत करवेनच्या पद्धतीने शिकलेली ३,००० मुलं एकत्र गायली. त्यातल्या किती जणांना मागे उभं करून ओठ हलवायला सांगितलं असेल, हे लेखकांनी जरूर कळवावं. पुढे १८८२ पासून तर मुलं नुसती ऐकून गात असतील तर शाळेला डोईमागे सहा पेन्स आणि स्वरलिपी वाचून गात असतील तर एक शिलिंग असं सरकारी अनुदानच होतं. म्हणजे हिशेब डोक्यांचा होता, निवडक पाच गळ्यांचा नाही. आमच्याकडे त्या पाच जणी स्पर्धेला जायच्या आणि ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत लागायची.

लेखकांवर माझा व्यक्तिगत राग नाही. ते बहुधा पहिल्या रांगेत उभे राहिलेले असावेत.

ता. क. : त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात 'सप्तकातला चौथा स्वर' यासाठी दोनच घरं दिली आहेत. 'मध्यम' तीन अक्षरी आहे. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं, तेव्हाचं माझं पत्र आपण छापलं नाही.

आपली,
एक जुनी वाचक, पुणे