या सुटीतही वाईला येणं नाही

२३ मे २०२१

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला असता, म्हणून लिहायला बसले. शाळेला सुटी आहे, ई-पासही मिळाला असता. तरी येत नाही. शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेचा मदत कक्ष मी जूनअखेरपर्यंत अंगावर घेतलाय. तुम्हाला न विचारता घेतला, हे चुकलंच. पण बाबा, सरकारी कर्मचाऱ्यांच्या ५४ दिवसांच्या संपात उतरताना तुम्ही आईला विचारलं होतंत का? राहू दे आई, पाटल्यांचा विषय काढत नाही.

आधी हे ऐका: मी रुग्णांमध्ये जात नाही. खोलीत दोघीच असतो, खिडक्या उघड्या, तोंडावर एन-९५. काम सगळं कागदांचं आहे. आणि तेच अडलंय.

गेल्या वर्षभरात शिक्षकांना सर्वेक्षणाला लावलं, तपासणी नाक्यांवर उभं केलं, रेशन दुकानांवर बसवलं. कोविड कामावर असताना कर्मचारी गेला तर वारसांना ५० लाख, असा वित्त विभागाचा २९ मे २०२० चा निर्णय आहे. अट अशी की दवाखान्यात दाखल होण्याआधीच्या किंवा मृत्यूआधीच्या १४ दिवसांत तो कामावर हजर असला पाहिजे. हजर तर सगळेच होते. पण आदेश कुणाला फोनवर मिळालेला, कुणाला व्हॉट्सॲपवर, त्यावर ना जावक क्रमांक ना सही. प्रस्ताव तिथेच परत येतो. दुसरी अडचण अहवालाची. अँटिजेन निगेटिव्ह, आरटीपीसीआर केलीच नाही, सीटी स्कॅनमध्ये मात्र छाती भरलेली; मग कागदावर ‘कोविडसदृश’ असं येतं आणि त्या एका शब्दावर फाइल महिनोन् महिने पडून राहते.

म्हणून आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. माणूस धडधाकट आहे तेव्हाच त्याचे कागद करून घ्यायचे. लेखी आदेश मागायचा; देत नसतील तर ‘तोंडी आदेशानुसार आजपासून हजर’ असं पत्र आपणच आवकला देऊन पोच घ्यायची. सर्वेक्षणाच्या रोजच्या तक्त्यावर सही करून त्याचा फोटो घरच्या माणसाला पाठवायचा. आणि सेवापुस्तकातलं नामनिर्देशन उघडून बघायचं. तिथे तर कहर आहे. लग्नाआधी भरलेलं आईचं नाव वीस वर्षांनंतरही तसंच, बायकोचं आधारवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना तुमच्यासारखी जुनी पेन्शन नाही, मागे राहिलेल्या घराला या ५० लाखांचाच आधार. ज्या बाईचं कुंकू पुसलं गेलं तिला तेराव्याआधी हजेरीपत्रकाची नक्कल आणायला पाठवायचं का, सांगा. ती आम्ही आणतो.

बाबा, तुमच्या पत्र्याच्या पेटीला आम्ही किती हसायचो. आता तसल्याच तीन पेट्या माझ्या टेबलाखाली आहेत.

सभासदांच्या वर्गणीतून शाखेने पाच लिटरची दोन ऑक्सिजन यंत्रं घेतलीत, घरी वापरायला देतो. लोकांना वाटतं यंत्र आलं म्हणजे दवाखाना टळला. तसं नसतं. मिनिटाला पाच लिटर, त्याहून जास्त ते देऊ शकत नाही. यंत्र लावूनही रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० च्या खाली राहिला तर खाट शोधायची, रात्र काढायची नाही. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत नळाचं पाणी घालतात, क्षार साठतात. डिस्टिल्ड पाणी, दोन खुणांच्या मधे, रोज बदलायचं. यंत्र भिंतीला चिकटवून ठेवलं की तापून बंद पडतं. आणि वीज गेली की संपलं, म्हणून सोबत छोटा सिलिंडर देतोच.

माझी काळजी करू नका. डबा घरमालकीणबाई देतात, भाकरी तुझ्यासारखी पातळ नसते पण गरम असते. दुपारी झोप होते. कूलर दुरुस्त केला. केसांना तेलही लावते, खरंच. परवा जरा कणकण होती. तपासणी केली, निगेटिव्ह आली, उन्हाने होती. त्या रात्री मात्र तुझा मेतकूट-भात आणि बाबांचा कपाळावरचा हात आठवला. चाळिशी ओलांडलेल्या बाईने हे लिहू नये, पण लिहिलं.

आता मुकाट्याने ऐका. तुमचा पहिला डोस १२ मार्चचा. आता कोविशील्डच्या दोन डोसांत बारा आठवड्यांचं अंतर झालंय, म्हणजे ४ जूनला ८४ दिवस भरतात. त्याआधी केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहायचं नाही. बाबा, ‘बघून येतो’ हेसुद्धा नाही. ऑक्सिमीटर सकाळ-संध्याकाळ. बोट गार असेल तर आधी चोळून गरम करा, मिनिटभर स्वस्थ बसा, आकडा स्थिरावला की मगच वहीत लिहा. आई, त्या बोटावरची मेंदी जाईपर्यंत दुसरं बोट. ताप आला तर सहा मिनिटं घरातल्या घरात चालून पुन्हा मोजा. ९४ च्या खाली गेला किंवा तीन-चार आकड्यांनी उतरला तर तिथल्या डॉक्टरांना आधी फोन, मला नंतर. बाबांची साखर आहे, तेव्हा कुणी सांगितलं म्हणून घरात स्टेरॉइडची गोळी सुरू करायची नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी येते. आंबे संपलेले असतील, तर साट करून ठेव. पण कुरडया वाळत घालायला गच्चीवर चढू नकोस, खालच्या ओट्यावर ऊन येतं तेवढं पुरे.

तुमची,
सुमी