बाबा, ही कावीळ माळेची नव्हे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा 'मी बरा आहे' म्हणून विषय संपवतात, म्हणून लिहिते आहे. आई, हे त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही खिडकीकडे वळलात आणि डोळे हळद लागल्यासारखे दिसले. लघवी कोऱ्या चहासारखी होते, रात्रभर अंग खाजतं, हे आईकडून कळलं. शेजारच्या काकू माळ घालणाऱ्याकडे न्या म्हणतात. त्यांचा जीव आहे तुमच्यावर, पण विषाणूची कावीळ बरेचदा आपोआप उतरते आणि नाव माळेचं होतं. तुमच्या पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत अडकलाय. यकृतातलं पित्त आतड्यात उतरायला वाट नाही, म्हणून ते रक्तात चढतंय. काढ्याने, लिंबाच्या रसाने हा खडा विरघळत नाही. मुतखड्यासारखं पाणी पिऊन पडेल, तेही नाही.

सोनोग्राफीत नुसती फुगलेली नलिका दिसली होती, खडा एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये, सापडला. आता ईआरसीपी. गुंगी देऊन तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. नलिकेचं तोंड तिथेच उघडतं. ते जरासं कापून रुंद करतात आणि बारीक फुग्याने किंवा तारेच्या जाळीने खडा आतड्यात ओढतात. पोटावर टाका नाही. 1974 पासून असे खडे काढताहेत. धोका नाहीच असं मात्र म्हणणार नाही: शंभरात 3 ते 10 जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. बहुतेकांची थोड्या दिवसांत उतरते, पण म्हणूनच नंतर पोट दुखलं तर लपवायचं नाही.

पित्त वाहतं राहावं म्हणून नलिकेत प्लास्टिकची नळी ठेवली, तर ती साधारण 3 महिन्यांच्या आत काढावी लागते. बरं वाटायला लागलं की लोक विसरतात आणि तीच नळी तुंबते. आई, दुधाचा हिशोब लिहितेस त्या कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने लिही.

'खडा निघाला, मग पित्ताशय कशाला काढायचं?' असं बाबा विचारणार. खडे तयार होतात ते तिथेच, बाबा. पोटाला बारीक छिद्रं पाडून, दुर्बिणीच्या ऑपरेशनने तेही लवकरच काढून घेऊ.

रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना दाखवा, आपण होऊन बंद करू नका. मी शनिवारी सकाळी पोचते. पण त्याआधी थंडी वाजून ताप आला, तर माझी वाट बघू नका. मध्यरात्र असली तरी दादाला उठवा आणि थेट दवाखाना गाठा.

तुमची,
सुमा