वाण द्यावे, पण वापरात राहील असे

महोदय,

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मुंबईत घरोघरी हळदीकुंकू होते आणि त्यासाठीचे वाण घाऊक भावात आणायला आमच्यासारख्या अनेक जणी दादर, मशीद बंदर आणि क्रॉफर्ड मार्केट गाठतात. गेल्या महिन्यात माळा आवरताना मला वाण म्हणून मिळालेले प्लॅस्टिकचे 27 डबे, ट्रे आणि गाळण्या सापडल्या. बहुतेकांवरचे वेष्टनही निघालेले नव्हते. शेजारच्या गाठोड्यात देण्याघेण्याच्या सात साड्या होत्या. अशा साड्या कुणी नेसत नाही, त्या एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत राहतात. देणाऱ्यांनी हे सारे प्रेमानेच दिले होते आणि मीही वर्षानुवर्षे असेच देत आले आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

संक्रांतीचे सुगड आठवावे. हरभऱ्याचे घाटे, बोरे, उसाचे करवे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ असे त्या हंगामात पिकलेलेच मातीच्या भांड्यातून शेजारणीला दिले जात असे आणि घरात नेल्यावर खाऊन संपत असे. आज त्याच नावाखाली आपण जी वस्तू देतो ती घेणारीच्या छोट्या घरात जागा अडवते आणि शेवटी कचऱ्यात जाते. वेष्टनाची गोष्ट तर आणखी वाईट आहे. 1 जुलै 2022 पासून देशभर ज्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायचे पातळ प्लॅस्टिकही आहे. पण भेटवस्तूंचा चकचकीत कागद मात्र सर्रास वापरला जातो. त्या कागदावर प्लॅस्टिकचा किंवा धातूचा थर चिकटवलेला असतो, तो सहज सुटा करता येत नाही आणि त्यामुळे रद्दीवालाही तो घेत नाही. 1927 पासून शहराचा कचरा झेलणाऱ्या देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी 2016 मध्ये आग लागली, तेव्हाचा धूर मुंबईकर विसरले नसतील.

टिकाऊ भेट महागच असते असे नाही. माझ्या मुलीच्या बारशाला चाळीतल्या एका मावशींनी स्वतःच्या मऊ झालेल्या सुती साड्यांचे दुपटे शिवून दिले होते. ते माझ्या दोन्ही मुलांनी वापरले, पुढे भाच्याने वापरले. लग्नात मिळालेल्या, देणाऱ्याचे नाव आणि तारीख घातलेल्या स्टीलच्या पातेल्यात मी आजही दूध तापवते आणि ती आत्या मला रोज आठवते. पूर्वी लग्नघरी नातेवाईक एकत्र बसून कपाट कुणी द्यायचे, भांडी कुणी घ्यायची हे ठरवत असत. काय हवे ते आधी विचारण्यात तेव्हा कुणाला संकोच वाटत नव्हता, आपणही तो बाळगू नये.

पर्यावरणपूरक म्हणून मिळणारी प्रत्येक वस्तू डोळे मिटून घ्यावी, असेही मला वाटत नाही. कापडी पिशव्या आता इतक्या वाटल्या जातात की घरोघरी त्यांचाच ढीग झाला आहे, आणि नव्या कापडाची पिशवी बाजारात रोज नेली नाही तर तिच्यामागे खर्ची पडलेले पाणी आणि कापूस वायाच जातो. कुंडीतले रोप देण्याआधीसुद्धा त्या घरात ऊन येणारी खिडकी आहे का, याची चौकशी करायला हवी.

आमच्या इमारतीतल्या महिलांनी या संक्रांतीला सुटे वाण द्यायचे ठरवले आहे. प्रत्येकीने येताना घरचा डबा आणायचा आणि बचत गटाकडून घेतलेले तीळ, नाचणी किंवा ज्वारी त्यात भरून न्यायची. महिला बचत गटांची प्रदर्शने मुंबईत कुठे आणि कधी भरणार आहेत, याची माहिती आपल्या वृत्तपत्राने डिसेंबरअखेरपर्यंत छापली, तर घाऊक बाजारात जाण्यापूर्वीच ती अनेक जणींच्या हाती पडेल.

आपली नम्र,
एक वाचक, दादर, मुंबई