कांदा, चंद्र आणि सरकार

प्रिय ऋतू,

तू सुट्टीत इथे विसरलेलं अमेरिकन विज्ञानकथाकार हाइनलाइनचं १९६६ चं 'द मून इज अ हार्श मिस्ट्रेस' वाचून काढलं आणि खरं सांगतो, मला ती गोष्ट आपल्या निफाडचीच वाटली. चंद्रावरचे लोक गहू पिकवतात, तो पृथ्वीवर जातो, त्यातही भारतात, आणि भाव मात्र ठरवणार पृथ्वीच्या वतीने चंद्रावर राज्य करणारी ती अथॉरिटी. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, मग ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदीच, जी मे २०२४ पर्यंत चालली, आणि चाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की शेतकरी थांबणार कुठवर, येईल त्या भावात देऊन टाकतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० ला नाशिकमध्ये ऊस-कांद्याचं आंदोलन केलं ते घामाच्या दामासाठीच. म्हणजे सरकारने भावात हात घालू नये, इथपर्यंत मी शंभर टक्के तुझ्या बाजूने.

पण तू फोनवर म्हणालीस की सरकारच नको, तिथे मी भांडणार. त्या चंद्रावर कायदा नाही, भांडण झालं तर दोघं मिळून कुणालाही जज करतात, फी देतात, निकाल मानतात. आणि लोक जास्तच चिडले तर माणसाला एअरलॉकमधून बाहेर, विषय संपला! हा न्याय झाला का गं?

तुझ्या काकांचंच बघ. व्यापाऱ्याने चेक दिला, बाउन्स झाला, बँकेची ती स्लिप अजून देवघरातल्या डब्यात आहे. कोर्टात तारखा पडतात, मान्य, पण कोर्ट नसतं तर त्या व्यापाऱ्याने काकांना दारात तरी उभं केलं असतं का? भुईकाट्यावर सरकारी सील असतं म्हणून निदान वजनावर तरी विश्वास ठेवता येतो.

अमेरिकन लेखिका आयन रँड तर सरकारवर एवढी तुटून पडायची, पण पोलीस, सैन्य आणि कोर्ट ही तीन कामं तिनेही सरकारकडेच ठेवली. तिच्या 'अ‍ॅटलस श्रग्ड' कादंबरीत सरकारला कंटाळलेले लोक ज्या लपलेल्या दरीत जाऊन राहतात, तिथेही एक जज राहतोच, आणि शेवटी अमेरिकेची राज्यघटना दुरुस्त करताना तो लिहितो की उत्पादन आणि व्यापाराच्या स्वातंत्र्यावर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, गदा आणणारा कायदा करू नये. मला हेच पाहिजे, सरकार छोटं असू दे पण जेवढं आहे तेवढं कडक पाहिजे, आणि आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय, कांद्याचा भाव पाडायला एका रात्रीत आदेश निघतो आणि बुडालेले पैसे मिळवून द्यायला वर्षं लागतात.

दिवाळीला येशील तेव्हा मला एवढंच सांग, तुझ्या त्या बिनसरकारी गावात काकांनी चेक घेऊन जायचं कुणाकडे?

तुझे पप्पा