परत परत येणारा क्रूप

नाशिक,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तीन महिन्यांच्या बाळाला महिन्यात दुसऱ्यांदा क्रूप (विषाणूमुळे स्वरयंत्र सुजून येणारा भुंकल्यासारखा खोकला), असं लिहिलंस. स्टिरॉइडने उतरतो म्हणजे क्रूपच, यावर विसंबू नकोस. स्वरतंतूंखालचा हेमँजिओमाही (रक्तवाहिन्यांची गाठ) स्टिरॉइडने आक्रसतो आणि औषध थांबलं की पुन्हा फुगतो. हनुवटीवर, खालच्या ओठावर, कानापुढे लाल डाग आहे का बघ. डाग नसला तरी गाठ असू शकते. जवळपास निम्म्या बाळांची कातडी स्वच्छ असते.

मानेचा एक्स-रे समोरून आणि बाजूने काढ. क्रूपमध्ये श्वासनळी दोन्हीकडून सारखी निमुळती होते, देवळाच्या कळसासारखी. गाठ असेल तर बहुधा एकच बाजू आत दबलेली दिसते. बाजूच्या फिल्मला मान किंचित मागे हवी, आणि बटण बाळ श्वास आत घेताना दाबायचं. रडताना, मान वाकलेली असताना काढलेल्या फिल्मवर मणक्यापुढचा भाग उगाच जाड दिसतो, नळीही वाकडी दिसते. तसली फिल्म सरळ बाजूला ठेव. चांगली फिल्म नॉर्मल आली तरी सुटलास असं नाही. शेवटचा शब्द श्वासमार्गात घालून बघायच्या दुर्बिणीचा.

गाठ नळीबाहेर पसरल्याची शंका असेल तरच सीटी. 80 केव्ही (किरणांचा जोर), नॉन-आयोनिक काँट्रास्ट (रक्तवाहिन्या उजळवणारं औषध) किलोमागे 2 मिलीपर्यंत, 1 मिमी किंवा त्याहून पातळ काप, आणि फेज, म्हणजे फेरी, एकच. आधी साधा, मग काँट्रास्टचा, मग उशिराचा अशा तीन फेऱ्या मारणाऱ्यांची मला चीड येते: किरणं तिप्पट, माहिती तेवढीच. हेमँजिओमा काँट्रास्टने झगझगीत उजळतो. एमआरआयला किरणं नाहीत, पण वेळ लागतो, म्हणून बहुतेकदा भूल द्यावी लागते, आणि खरी भीती तिचीच. नवजात बाळाची स्वरतंतूंखालची जागा जेमतेम 4-5 मिमी रुंद. त्रिज्या निम्मी झाली की अवरोध 16 पट. त्यात झोपेच्या औषधाने घसा सैल पडला तर उरलीसुरली वाटही मिटते. सीटी काही सेकंदांचा. दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळलं तर बहुतेक बाळं तेवढा वेळ पडून राहतात. भूल ठरलीच तर दूध बंद आणि भूलतज्ज्ञ हजर.

मोठ्या मुलाचा आवाज आधी घोगरा होऊन मग घरघर सुरू झाली, तर पॅपिलोमाचा विचार कर (एचपीव्ही या विषाणूच्या 6 आणि 11 प्रकारांमुळे होणारे मस). तिथे छातीचा सीटी फुप्फुसात पसरल्याची शंका आल्यावरच. फुप्फुसातल्या या गाठी आतून पोकळ होत जातात.

हेमँजिओमा ठरला तर प्रोप्रॅनोलॉल हे औषध. त्याने 2008 पासून या गाठीचं चित्रच पालटलं आहे. डोस दूध पाजल्यावरच, नाहीतर रक्तातली साखर उतरते.

सुरगाण्याहून पाठवशील तेव्हा ऑक्सिजन, अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि श्वासनळीत घालायची 3.5 मिमीची नळी सोबत दे, 3.0 आणि 2.5 पण ठेव, कारण नेहमीची नळी इथे अडकते. बाळ आईच्या मांडीवर उभं धरूनच येऊ दे, स्ट्रेचरवर आडवं करू नकोस. निघताना फोन कर.

तुझा,
अविनाश