घुमट आरतीचा सराव : सर्व सभासदांसाठी सूचना

सभासद बंधू-भगिनींनो,

चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली. येत्या सोमवारपासून रोज सायंकाळी ७.३० ते ९ देवळाच्या सभामंडपात घुमटाच्या (मातीच्या भांड्यावर चामडे ताणून केलेल्या वाद्याच्या) साथीने म्हणायच्या आरत्यांचा सराव होईल. ९ वाजता थांबायचेच. गेल्या वर्षी ११ पर्यंत ताणले, तेव्हा दोघांचे आवाज बसले आणि वेर्ण्याला सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांचे फार हाल झाले.

आपला मेळ एकट्याच्या हातावर उभा राहत नाही. शामेळ (चर्मवाद्य) आणि कासाळे (झांजा) लय सांभाळतात, घुमटे त्यावर खेळतात. शेजारचे घुमट ऐकू येत नसेल तर आपलाच हात जड पडतोय असे समजावे. नवीन मुलांना पहिले आठ दिवस नुसती टाळी धरून ऐकायला बसवतो. त्यात त्यांचे मन उडते, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून यंदा रोजची शेवटची आरती त्यांच्याच हाती द्यायची. जुन्यांनी त्या वेळी मध्ये टोकू नये, ही कळकळीची विनंती.

पावसाळी हवेत चामडे ढिले पडते, वाजवण्याआधी शेकून घ्या. नवे घुमट बकऱ्याच्या कातड्याचेच घ्यावे. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे.

घरी आजारपण असेल, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे) सामान आणायचे असेल, तर न येण्यात कमीपणा नाही. फक्त आदल्या दिवशी कळवा, म्हणजे जागी दुसरा बसवता येईल. बोटे सुजली तर दोन दिवस घुमटाला हात लावू नका. झील धरायला (मागून साथीने गायला) मात्र या.

आरत्यांच्या वह्या सोबत आणाव्यात.

– कार्यवाह